बटाट्याची गादी आणि पितळेची वजनं

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला बुधवारी, आणि लेकीचा फोन आला गुरुवारी.

"आई, रविवारी बाराला पोचते. संध्याकाळी पाचच्या बसनं पुढं जायचंय. मधले पाच तास आपले. गादी कर. बाकी काही करू नकोस."

गादी म्हणजे झोपायची नव्हे, खायची. बटाट्याच्या पातळ चकत्या, त्यावर लोण्यात लाल केलेला कांदा, त्यावर घट्ट क्रीम, त्यावर किसलेलं चीज, पुन्हा बटाटे, पुन्हा कांदा, असे पाच थर. सगळ्यात वर पावाचा चुरा आणि त्यावर पुन्हा लोणी, कारण कुणाला वाटायला नको की लोणी कमी पडलं. मग हे सगळं ओव्हनमध्ये. वरून खरपूस, आत मऊशार. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर माणूस बसल्या जागी आडवा होतो, म्हणून लेकीनं चौथ्या वर्षी या पदार्थाचं नाव गादी ठेवलं आणि घरात तेच रुळलं.

"हात मोडल्याचं सांगितलंस का तिला?" तपासनिसांनी विचारलं.

"कशाला? उगाच धसका घेईल पोरगी. बघते, डाव्या हातानं काय जमतंय ते."

"मी करतो," तपासनीस म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा एखादा असता तर शब्द मागे घेतला असता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तपासनिसांनी स्वयंपाकघरात फक्त चहा केला होता, आणि तोही ताप मोजायचा थर्मामीटर बुडवून. थर्मामीटर फुटला. चहा बरा झाला होता असं ते अजूनही म्हणतात.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे, पण वजनमापे खात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. बाजारातले तराजू तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायचे, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण इतका सरळ की त्याच्याबरोबर वळण घेणं अवघड. शेजारणीनं वाटीभर साखर उसनी नेली तर वाटी परत येताना काठाला बोट लावून बघायचे.

असा माणूस एकाएकी गादी करायला का निघाला? खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. पण तुम्ही काही त्यांच्या खात्यातले नाही, म्हणून सांगतो. लेक रोज फोन करायची. तपासनिसांनी उचलला की, "बाबा, बरे आहात ना? आईला द्या." झालं. मग मायलेकींचं पाऊण तास. हसणं काय, कुजबुजणं काय! हे इकडे पेपर उलटा धरून बसलेले. "काय म्हणाली?" असं विचारलं की बायको म्हणायची, "काही नाही हो, आमचं आपलं नेहमीचं." अलीकडे तर ते फोन उचलण्याआधी बोलायचे विषय चिठ्ठीवर लिहून ठेवायला लागले होते. एक, तिकडची हवा. दोन, ऑफिसातली खुर्ची पाठीला कशी आहे. तीन, बसचे हाल. तीन महिने झाले, गाडी पहिल्या विषयाच्या पुढं सरकली नव्हती. लेक आपली आहे, आणि आपल्याशी बोलत नाही, हे त्यांना आतून फार लागलं होतं. एकदा तरी तिनं आपल्या हातचं खावं, आणि खाता खाता आपल्याशी चार शब्द बोलावेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

तर गुरुवारी संध्याकाळी ते कागद-पेन्सिल घेऊन बायकोसमोर बसले.

"चीज किती?"

"तीन मुठी."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

"मूठ म्हणजे मूठ! आता काय हात कापून देऊ?"

"देऊ नकोस. नुसता मोजू दे."

पण मोजणार कसा? चीज घालायची मूठ उजवी, आणि ती प्लास्टरमध्ये. तपासनिसांनी डाव्या मुठीनं दहा वेळा चीज उचलायला लावलं, दहा आकडे लिहिले, सरासरी काढली. मग डावी मूठ उजवीपेक्षा लहान असणार, म्हणून बायकोचे जुने हातमोजे शोधून काढले, दोन्हींत तांदूळ भरले आणि फरक काढला. तोवर बायकोचा डावा हातही दुखायला लागला. "किंचित मीठ" या सदराखाली अकरा नोंदी झाल्या. "कांदा लाल होईपर्यंत" यापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं, कारण लाल म्हणजे नक्की कुठला लाल, यावर दोघांचं एकमत झालं नाही.

हे सगळं चाललं होतं स्वयंपाकघरातल्या काट्यावर. बायकोला तो कुठल्याशा समारंभात भेट मिळाला होता, आणि ती त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवायची. शेवटचा आकडा लिहिताना तपासनिसांनी सहज काटा उलटा केला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. काट्याला शिक्का नव्हता! कोळणीपासून सोनारापर्यंत साऱ्या बाजाराचे तराजू ज्यानं उलटेपालटे करून पाहिले, त्याच्या स्वतःच्या ओट्यावर बिनशिक्क्याचा काटा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अहो, घरातल्या काट्याला कुठं शिक्का लागतो? तुम्हीच सांगता ना लोकांना?"

"नियमाला लागत नाही. मला लागतो."

त्यांनी तिथल्या तिथं काटा जप्त केला आणि बायकोला रीतसर पावती फाडून दिली. बायकोनं ती डाव्या हातानं घेतली आणि फ्रीजवर चिकटवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पावती पुढं दोन महिने वाचायला मिळाली.

शुक्रवारी काटा घेऊन ते कचेरीत गेले आणि आपल्याच खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी अर्ज वाचला.

"अर्जदार तुम्ही, आणि तपासणी अधिकारीही तुम्हीच?"

"हो."

"मग कसं चालेल? स्वतःचा काटा स्वतः तपासायचा नाही, असं परिपत्रक आहे. तुम्हीच काढायला लावलं होतं."

घोडं अडलं. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी 'वापराचे प्रयोजन' हा रकाना मोठ्यानं वाचला. तिथं तपासनिसांनी लिहिलं होतं, "मुलगी येणार आहे."

"म्हणजे मुलीचं वजन करणार?"

मग सगळं सांगावं लागलं. लोण्यापर्यंत आल्यावर साहेबांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं. साहेबांना डॉक्टरांनी सहा महिन्यांपासून उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं होतं.

"लोणी किती म्हणालात?"

"तीनशे दहा ग्रॅम. तूर्तास."

"आणि ते वर... खरपूस होतं?"

"सोनेरी होतं साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग काटा तपासायला पाठवला. काटा शंभर ग्रॅममागे नऊ ग्रॅम खोटं बोलत होता. म्हणजे आदल्या संध्याकाळचं सगळं मुसळ केरात! पण साहेब उदार झाले. कचेरीतला टांगता तराजू आणि मखमली पेटीतली पितळेची प्रमाण वजनं घरी न्यायची त्यांनी परवानगी दिली, आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, "तयार पदार्थाचा नमुना रविवारी दुपारी दोन वाजता जागेवर पाहण्यात येईल."

शनिवारी बाजार. आता तुम्हाला वाटेल, बटाटे आणायला काय लागतं? इतरांना काही लागत नाही. तपासनीस दिसताच बटाटेवाल्यानं किलोमागे चार बटाटे जास्तीचे टाकले.

"हे काय?"

"असू द्या साहेब, आपलेच आहात."

"मला जास्त नको. बरोबर पाहिजे. जास्त देणं हाही चुकीच्या मापाचाच प्रकार आहे."

बटाटेवाल्याला घाम फुटला. त्यानं सहा वेळा मोजलं. मागं रांग चौकापर्यंत गेली. एक आजीबाई म्हणाल्या, "अहो, बटाटे घेताय की सून बघताय?" दूधवाल्याकडे तोच प्रकार, चीजवाल्या बाईनं तर यांना बघून दुकानच अर्धं बंद केलं. साडेतीन तासांनी तपासनीस घरी आले ते अपमानानं लाल होऊन. त्यांच्या मते अख्ख्या बाजारानं त्यांना लाच देण्याचा प्रयत्न केला होता.

बातमी तोवर इमारतभर झाली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर शनिवारीच वेळापत्रक लिहून घेऊन आले. "बटाटे सोलणे, नऊ-दहा. कांदा, नऊ-बेचाळीस. ओव्हनमध्ये प्रस्थान, अकरा वाजता. तुम्ही फक्त याबरहुकूम चला." स्टेशनमास्तरांनी जन्मात कधी अंडंसुद्धा उकडलं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला त्यांच्यासारखा माणूस नाही. खालच्या मजल्यावर राहणारा व्यायामशाळेचा मास्तर आला तो कपाळाला हात लावूनच.

"काका, एका वाढणीत साडेनऊशे कॅलरी! हे जाळायला माणसाला अडीच तास पळावं लागेल."

"मग तू खाऊ नकोस."

"तसं नाही. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. मी येतो दोन वाजता."

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला तराजू टांगला गेला. प्रमाण वजनांना उघडा हात लावायचा नसतो, घामानं पितळ झिजतं. म्हणून तपासनिसांनी पांढरे सुती हातमोजे घातले. त्याच हातमोज्यांनी लोणी उचललं, मग वजन उचललं, वजन निसटलं ते क्रीमच्या पातेल्यात. सरकारी मालमत्ता! ती चाळणीतून गाळून काढली, पुसली, आणि वजनाला चिकटलेलं क्रीम किती गेलं याचा हिशेब करून पातेल्यात चमचाभर नवीन घातलं. बायको खुर्चीवर बसून हे बघत होती. पहिला अर्धा तास तिनं सूचना दिल्या. पुढं ती फक्त हसत होती, आणि हसताना प्लास्टर पोटाला लागत होतं म्हणून आणखी ओरडत होती.

लेक बाराला आली तेव्हा बटाटे अजून सोलायचेच होते. आधी आईचा हात बघून तिनं किंकाळी फोडली. मग दारात तराजू आणि पांढऱ्या हातमोज्यातला बाप बघून दुसरी.

"बाबा, ऑपरेशन आहे का काही?"

"गादी आहे," तपासनीस ताठ मानेनं म्हणाले. "तू बस. तिकडची हवा—"

पण लेक आईचा हात धरून केव्हाच बाहेरच्या खोलीत गेली होती. तिकडून मायलेकींचं बोलणं ऐकू यायला लागलं. तपासनिसांनी कांद्यावर जोर काढला. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्यानंच, असं आपण धरून चालू.

गादी ओव्हनमध्ये गेली ती सव्वा वाजता. स्टेशनमास्तरांनी बाहेरून जाहीर केलं, "दोन तास पंधरा मिनिटं उशिरा!" आणि इथून खरा घोटाळा सुरू झाला. बायकोनं सांगून ठेवलं होतं, ओलावा आटला की वास बदलतो, मग काढायचं. पण वासाचं माप कुठल्या परिशिष्टात आहे? तपासनिसांनी स्वतःची रीत काढली. एकूण वजन पाचव्या हिश्शानं घटलं की गादी झाली. वजन घटलं का, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? म्हणून दर सात मिनिटांनी ओव्हन उघडायचा, ट्रे बाहेर काढायचा, तराजूला टांगायचा, पितळेची वजनं चढवायची, आकडा लिहायचा, ट्रे पुन्हा आत.

"अहो, सारखं दार उघडू नका!" बायको बाहेरून ओरडली. "ऊब राहत नाही आत!"

"मोजतोय! मध्ये बोलू नकोस!"

पालथ्या घड्यावर पाणी. दोन वाजता साहेब नमुना पाहायला आले, धुतलेला शर्ट घालून. व्यायामशाळेचा मास्तर आला. स्टेशनमास्तर तर गेलेच नव्हते. बाहेरच्या खोलीत पाच माणसं रिकाम्या ताटल्या मांडीवर घेऊन बसली. अडीच वाजले. बटाटा टणक. पावणेतीनला लोणी फक्त विरघळलेलं. साहेबांनी दोनदा पोटावर हात फिरवला. स्टेशनमास्तर एका रात्रीत तीन मालगाड्या कशा अडकल्या त्याची गोष्ट सांगायला लागले, आणि ती गोष्ट एकदा सुरू झाली की पाहुण्यांना टाकून उठणं बायकोच्या सभ्यतेत बसत नव्हतं.

तीन वाजता लेक स्वयंपाकघरात आली. तपासनीस पंधरावा आकडा लिहीत होते. हातमोजे तुपकट, चष्म्यावर क्रीम, कपाळावर पावाचा चुरा.

"आईला बोलावू का?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.

"नको. बसू का इथं?"

आता आली का पंचाईत! अशी वेळ येईल याची तयारी तीन महिने केली होती. त्यांनी ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं, आणि खिशातून हळूच चिठ्ठी काढली.

"तिकडची... हवा कशी आहे?"

"हवा छान आहे बाबा. मी नोकरी सोडली."

चिठ्ठीवर याला उत्तर नव्हतं. दुसरा विषय ऑफिसातल्या खुर्चीचा होता, तोही आता निकामी झाला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"आठ दिवस झाले. आईला अजून सांगितलं नाही. ती रडेल. आज पाचची बस धरून मैत्रिणीकडे जाणार होते, तिथून फोनवर सांगणार होते." लेक स्टुलावर पाय वर घेऊन बसली. विमा कंपनीत ती दाव्यांची पत्रं लिहायची. "बाबा, माणसाचं घर जळलेलं असतं. त्याचे शंभर निघतात, ते पण कागदावर बरोबर निघतात. आणि वरून सांगतात, सत्तर लिहा, गोड भाषेत लिहा, तो भांडायला येणार नाही. मी दोन वर्षं लिहिलं. एक दिवस हातच चालेना. टेबलापाशी बसले की तुमचं तोंड दिसायचं. त्या फळवाल्याच्या तराजूखाली तुम्ही चुंबक शोधला होता ना, मी सातवीत होते, तुमच्याबरोबर होते, तेव्हाचं तोंड."

"तुला आठवतं ते?"

"अख्ख्या बाजारासमोर तुम्ही ओरडलात! मी लाजेनं मेले होते तेव्हा. आणि आता माझ्याच साहेबासमोर मी तस्संच ओरडले. म्हणून म्हटलं, हे आधी तुम्हाला सांगावं. तुम्हाला कळेल."

तपासनीस खाली बसले. ओट्याशेजारी पिठाचा डबा होता, त्यावरच बसले. मग त्यांनी विचारलं, काय ओरडलीस? तिनं साहेबाची नक्कल करून दाखवली. यांनी फळवाल्याची करून दाखवली. ती इतकी हसली की स्टूल डगमगलं. मग एक रडण्याचा भाग झाला, तो थोडका. तिला पुढं काय करायचंय ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं, पण दोन-तीन बेत होते, आणि प्रत्येकावर बापाचं मत हवं होतं. यांचं मत! तपासनीस मत देत सुटले. एका बेतावर तर भांडणही झालं, चांगलं कडकडून. सातवी मिनिटं किती आली नि गेली, कोण बघतो! तराजू चौकटीला रिकामा लोंबत होता.

आणि तेवढ्यात बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो! वास आला! काढा आधी ती!"

तपासनीस धडपडत उठले. ओव्हनचं दार उघडलं आणि दोघं बापलेक नुसते बघत राहिले. कडेनं चीज बुडबुडत होतं, वरचा चुरा खरपूस सोनेरी झाला होता, आणि वास असा की बाहेर साहेब आपोआप उभे राहिले.

सगळ्यांच्या ताटल्या भरल्या. साहेबांनी नमुना तीनदा पाहिला. व्यायामशाळेच्या मास्तरानं लक्ष ठेवता ठेवता ट्रेचा कोपरा खरवडून खाल्ला आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा केला. बायकोनं डाव्या हातानं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "लोणी माझ्यापेक्षा जास्त पडलंय." हे तिच्याकडून सोन्याचं पदक होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी वही काढली. "घरी करून बघतो. दार लावल्यापासून नेमका वेळ किती लागला?"

तपासनिसांनी नोंदींचा कागद पाहिला, पंधराव्या आकड्याखाली तो कोरा होता.

"मोजला नाही साहेब."

सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांनी वही मिटली आणि चौथ्यांदा वाढून घेतलं.

पाहुणे जड पावलांनी गेले. पाच वाजत आले तरी लेक उठेना, तेव्हा बायको म्हणाली, "अगं, बस चुकेल ना तुझी!"

"चुकू दे. आई, मी नोकरी सोडली."

बायकोच्या हातातला चमचा ताटलीत पडला. "सोडली? म्हणजे? का गं? आणि पुढं काय? अगं बाई, मला आधी नाही का सांगायचं!" तिचे डोळे भरले, आणि ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही हे असे खुशाल खात काय बसलात? तुम्हाला ठाऊक होतं का हे?"

प्रसंग गंभीर होता. मुलीची चांगली नोकरी गेली होती. बापाचा चेहरा कसा हवा हे तपासनिसांना पूर्ण माहीत होतं, आणि तसा तो करायचा त्यांनी मनापासून प्रयत्नही केला. भुवया खाली आणल्या, ओठ आवळून धरले. पण चेहरा आटोक्यात राहीना, या कानापासून त्या कानापर्यंत पसरतच गेला.

"हो," ते म्हणाले. "मला आधी सांगितलं तिनं!"